तात्या विंचू बोलायचा कसा?

प्रश्न : 'झपाटलेला' टीव्हीवर लागला की आमच्या घरात वाद ठरलेला. मुलगी म्हणते, ही 'चकी'च्या इंग्रजी सिनेमाची नक्कल आहे. मी म्हणतो, आपला तात्या विंचू वेगळाच. खरं काय? आणि तेव्हा कॉम्प्युटरची करामत नव्हती, मग तो बाहुला हलायचा-बोलायचा कसा? (एक वाचक, बोईसर)

उत्तर : तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत : कथा कुठून आली आणि बाहुला कसा चालला. कथेबाबत मुलीचं म्हणणं बरंचसं बरोबर आहे. चकीचा सिनेमा, म्हणजे टॉम हॉलंड दिग्दर्शित 'चाइल्ड्स प्ले', 1988 साली आला. शिकागोतला एक खुनी पोलिसांच्या गोळीने मरायला टेकतो आणि खेळण्यांच्या दुकानात मंत्र म्हणून आपला जीव एका बाहुल्यात घालतो. त्याला पुन्हा माणूस व्हायचं असेल, तर आपलं गुपित ज्याला पहिल्यांदा सांगितलं त्याच्याच शरीरात शिरावं लागतं. महेश कोठारे यांच्या 1993 च्या 'झपाटलेला'त हा सांगाडा जवळजवळ तसाच आहे. फक्त मंत्र बाबा चमत्कारकडून मिळतो आणि गुंडाचं नाव तात्या विंचू असतं.

पण पुढे कथा आपली वाट धरते. अमेरिकन सिनेमात बाहुला सहा वर्षांच्या मुलाला वाढदिवसाची भेट म्हणून मिळतो. मूल सांगतं, बाहुला बोलतो, आणि मोठी माणसं विश्वास ठेवत नाहीत, कारण ते मूल आहे. कोठारे यांच्याकडे नायक लक्ष्या होता, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे. एका मोठ्या माणसाचं कुणी का ऐकू नये? म्हणून लक्ष्याला बोलक्या बाहुल्यांचा नाद लावून दिला. जो स्वतःच बाहुल्यांना बोलतं करतो, तो 'खरंच हा बाहुला बोलला हो' असं ओरडत सुटला तर त्याला लोक वेड्यातच काढणार. या एका बदलातून भीतीही येते आणि हसूही. माझ्या मते या सिनेमातली सगळ्यात हुशारीची जागा हीच आहे. मुलीला हे जरूर दाखवा.

आता बाहुल्याकडे वळू. तात्या विंचूचा बाहुला घडवला आणि हलता केला तो शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी. अनेकांचा समज असतो की अर्धवटराव आणि तात्या विंचू एकच. तसं नाही. अर्धवटराव हा रामदासजींच्या वडिलांचा, म्हणजे यशवंत केशव पाध्ये यांचा बाहुला, तात्या विंचूपेक्षा कितीतरी जुना. रामदासजी शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनिअर. बोलक्या बाहुलीच्या डोक्यात डोळे फिरवायला, भुवया उचलायला, जबडा उघडायला तारा आणि खटके असतात, त्यामुळे ते शिक्षण या कलेत वाया गेलं नाही.

दुसरा गैरसमज आवाजाचा. बाहुला पाध्ये यांचा म्हणून आवाजही त्यांचाच, असं पुष्कळांना वाटतं. आवाज आहे दिलीप प्रभावळकर यांचा. सुरुवातीला दिसणारा हाडामांसाचा तात्या विंचूही तेच. 'चाइल्ड्स प्ले'मध्येही ब्रॅड डूरिफ या एकाच नटाने खुन्याचं काम केलं आणि बाहुल्याला आवाज दिला. कारण उघड आहे. जीव एकाच माणसाचा, तर आवाज बदलून कसं चालेल? प्रभावळकर 1991 मध्ये 'चौकट राजा'तला निरागस नंदू होते आणि 2006 मध्ये 'लगे रहो मुन्नाभाई'तले गांधीजी. मधल्या काळात हा खर्जातला खुनशी गुंड. एकाच गळ्यातून हे सगळं निघावं, याचं मला आजही नवल वाटतं.

मग आवाज बाहुल्याच्या तोंडातूनच येतोय असं का वाटतं? शब्दभ्रमकार आवाज 'फेकतो' हा जुना समज आहे. आवाज कुणालाही फेकता येत नाही. आवाज नेमका कुठून आला हे कानाला तितकं अचूक कळत नाही, म्हणून मेंदू डोळ्याची मदत घेतो आणि जे तोंड हलताना दिसतं त्याच्या पदरात तो आवाज घालतो. रंगमंचावर कलावंताला स्वतःचे ओठ स्थिर ठेवावे लागतात. तिथे प, ब, म ही अक्षरं फार छळतात, कारण ओठ मिटल्याशिवाय ती निघत नाहीत. सिनेमात ही अडचण नाही, कारण आवाज वेगळा ध्वनिमुद्रित करता येतो आणि चालवणाऱ्याला चौकटीबाहेर ठेवता येतं. अवघड असतं ते जबड्याचं टायमिंग. अक्षर उच्चारताना तोंड उघडलं पाहिजे, वाक्य संपताच मिटलं पाहिजे. जरा मागेपुढे झालं की प्रेक्षकाला लाकूड दिसायला लागतं.

तुमच्याच जिल्ह्यातला जव्हार-मोखाड्याचा बोहाडा, म्हणजे मुखवटे घालून होणारा नाच, पाहिला असेल, तर टायमिंगचं हे महत्त्व पटेल. मुखवट्याचे ना डोळे हलत ना ओठ. नाचणाऱ्याची मान आणि पावलं वाद्यांच्या ठेक्यावर पडतात, तेवढ्यावर समोरचा राक्षस जिवंत होतो.

अमेरिकेत चकीसाठी केव्हिन येगर यांनी यांत्रिक बाहुले बनवले होते. ते चालवायला अनेक माणसं लागायची. काही दृश्यांत एड गेल नावाच्या ठेंगण्या नटाला चकीचे कपडे घालून मोठ्या मापाच्या सेटवर उभं केलं होतं. तेवढा पैसा मराठी निर्मात्याकडे कुठला? तरी धाडस होतं. याच कोठारे यांनी 1990 मध्ये 'धडाकेबाज' हा पहिला मराठी सिनेमास्कोप चित्रपट काढला होता आणि त्यात बेर्डे यांना बाटलीत मावेल एवढं करून दाखवलं होतं.

'झपाटलेला' पुढे 'खिलौना बना खलनायक' या नावाने हिंदीत गेला. 2013 मध्ये थ्रीडीत 'झपाटलेला 2' आला. बेर्डे 2004 मध्येच गेले होते, म्हणून तिथे लक्ष्याचा मुलगा नायक झाला, ती भूमिका आदिनाथ कोठारे यांनी केली. आवाज मात्र पुन्हा प्रभावळकरांचाच.

तेव्हा वाद मिटवायचा तर असा मिटवा : कथेचा सांगाडा शिकागोचा, बाहुला आणि लक्ष्या आपले. पुढच्या वेळी सिनेमा लागला की दोन मिनिटं टीव्हीचा आवाज बंद करून नुसता तात्याचा जबडा बघा, मग आवाज सुरू करा. पाध्ये यांचं काम किती आणि प्रभावळकरांचं किती, हे मुलीला सांगावं लागणार नाही.