परसबागेतील ओवा

ओवा प्रत्येक घरी लागतो. तथापि तो बहुधा विकतच आणला जातो. परसातील एका लहान वाफ्यात रब्बी हंगामात कुटुंबापुरता ओवा सहज पिकविता येतो.

लागवड : ओव्यास थंड, कोरडे हवामान व निचऱ्याची जमीन मानवते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वाफा भुसभुशीत करून त्यात कुजलेले शेणखत मिसळावे. बी अत्यंत बारीक असल्यामुळे ते कोरड्या वाळूत मिसळून, ४५ सें.मी. अंतरावरील ओळींत वरवर पेरावे. खोल पडलेले बी नीट उगवत नाही. पहिले पाणी झारीने द्यावे. पुढे विरळणी करून दोन रोपांत सुमारे २० सें.मी. अंतर राखावे. वाफ्यात पाणी साचल्यास मुळे कुजतात.

काढणी : सुमारे पाच महिन्यांनी दाण्यांचे गुच्छ तपकिरी होताच झाडे सकाळच्या थंड वेळी कापावीत, उशीर झाल्यास दाणे झडतात. ओव्याचा उग्र वास त्यातील थायमॉल या उडून जाणाऱ्या द्रव्यामुळे येतो. म्हणून झाडे सावलीत वाळवून झोडपावीत व दाणे घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावेत.

उपयोग : भजी व थालीपीठ यांत ओवा घालतात. पोटात वात धरल्यास चिमूटभर ओवा मिठासह चावून खाण्याची रीत आहे. परंतु पोटदुखी तीव्र असल्यास, विशेषतः लहान मुलांच्या बाबतीत, ओव्यावर विसंबून न राहता प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे.

गावोगावच्या कार्यकर्त्यांनी एक गोष्ट आवर्जून सांगावी : जाड पानांचा पानओवा ही निराळी वनस्पती आहे. ती फांदी लावून वाढते. तिच्यापासून ओव्याचे दाणे मिळत नाहीत.