काठावरचे दोन शिंपले

गर्द निळ्या स्टॅफर्डशायर ताटल्यांचा नाद अमेरिकेत राहणाऱ्या आपल्यापैकी ज्यांना लागला आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते. राग अजून गेलेला नाही.

ताटली इनॉक वुड अँड सन्सची, ‘सिटी ऑफ ऑल्बनी’. काठाला शिंपल्यांची नक्षी, मधे हडसनकाठचं शहर. न्यूयॉर्क राज्यातल्या त्या दुकानदाराला मी स्पष्ट विचारलं होतं, “कुठे डागडुजी केलीय का?” तो म्हणाला, “अजिबात नाही. केसाएवढा तडासुद्धा नाही.” माझे यजमान शेजारीच उभे होते, त्यांनीही ऐकलं. किंमत त्याने निर्दोष नगाचीच लावली.

घरी नोंद करताना भिंगाखाली काठ पाहत गेले. ही चित्रं तांब्याच्या कोरीव पत्र्यावरून पातळ कागदावर आणि कागदावरून भांड्यावर उतरवत. त्यामुळे छटा दिसते ती बारीक ठिपक्यांची आणि रेघांची. एका शिंपल्यापाशी ठिपके संपले. पुढे सपाट निळा रंग, आणि त्यात ब्रशच्या केसांच्या खुणा. माझे हातपाय गार पडले. अंधार करून अतिनील टॉर्च मारला, तर काठाचा तेवढा भाग पिवळट उजळला, बाकीची झिलई तशी उजळेना. दोन शिंपले आणि त्यांच्यामधली नक्षी, सगळं भराव घालून हाताने रंगवलेलं होतं.

फोन केला तर म्हणाला, “तो कागदाचा सांधा आहे, बाई. नवख्यांना कळत नाही.” सांधा मला चांगला कळतो. काठाची पट्टी जिथे जुळवतात तिथे नक्षी तुटते, पण दोन्ही बाजूंना छापच असतो, ठिपके असतातच. हे सांगितल्यावर त्याने शब्द फिरवला. आधी म्हणे, “दोनशे वर्षांच्या वस्तूला एवढं चालायचंच,” आणि शेवटी, “टवका तुमच्याकडेच उडाला असेल.” चोराच्या उलट्या बोंबा!

म्हणून भिंग आणि टॉर्च दुकानातच काढा, संकोच करू नका. नुसत्या टिचकीच्या आवाजावर जाऊ नका; माझी ताटली खणखणीत वाजत होती. मागच्या बाजूला भट्टीतल्या आधाराच्या तीन बारीक खुणा दिसल्या तर घाबरू नका, त्या दोष नव्हेत. मागे ‘इंग्लंड’ छापलेलं असेल तर ताटली १८२० च्या दशकातली नाही. अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ली कायद्याने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, आणि त्यानंतर रोलँड अँड मार्सेलससारख्या आयातदारांनी गावोगावच्या देखाव्यांच्या निळ्या ताटल्या आठवण म्हणून भरपूर विकल्या. त्याही सुंदर आहेत, पण त्यांचा भाव वेगळा. घाई करू नका, आपलं अंदाजपत्रक सोडू नका, हे तर आहेच.

सगळ्यात महत्त्वाची ती पावती. तिच्यावर कारखाना, देखावा, काळ आणि ‘डागडुजी नाही’ हे शब्द दुकानदाराच्या हातून लिहून घ्या. माझ्या पावतीवर त्याने ‘निळी ताटली’ एवढंच खरडलं होतं, आणि आता तो त्याच दोन शब्दांमागे लपतो आहे. पैसे कार्डाने दिले होते म्हणून बँकेकडे तक्रार तरी करता आली. भिंगातून काढलेले फोटो जोडले आहेत. निकाल अजून यायचा आहे.