पोत्यावरील प्रथिनांचा आकडा

मत्स्यखाद्याच्या पोत्यावर 'प्रथिने २८ टक्के' असा मजकूर छापलेला असला म्हणजे खरेदीदाराची खातरजमा झाली, अशी समजूत आमच्या भागातील शेततळेधारकांत अद्यापही दृढ आहे. आणि ज्या हंगामात मासळीच्या भुकटीचा भाव चढल्यामुळे ती वगळून मुख्यत्वे शेंगदाणा पेंडीवर तयार केलेले खाद्य आमच्याकडे येऊ लागले, त्या हंगामात या समजुतीचे मोल किती जबर असते हे मी माझ्याच तळ्यात पाहिले असल्यामुळे, नव्याने या व्यवसायात उतरणाऱ्यांसाठी तो अनुभव तपशीलवार नमूद करणे मला अगत्याचे वाटते.

आकडा खोटा नव्हता. सायप्रिनस (कॉमन कार्प) माशांची बोटुकली निरोगी होती, पाण्याची तजवीज चोख होती, खाद्यही वेळच्या वेळी पडत होते. तथापि जाळे ओढल्यावर एकाच दिवशी सोडलेले मासे निरनिराळ्या वर्षांचे वाटावेत इतके लहानमोठे निघाले, कित्येकांच्या परांच्या कडा झडलेल्या होत्या, आणि चिरून पाहिलेल्या माशांचे यकृत फिकट व मेदाने भरलेले आढळले. हा साथीचा रोग आहे असे समजून आजूबाजूच्या कित्येकांनी औषधांवर पैसा खर्च केला आणि तो सर्वस्वी व्यर्थ गेला, कारण उणीव पाण्यात नव्हती, अन्नात होती.

प्रयोगशाळेत खाद्यातील नत्र मोजतात व त्यास ६.२५ ने गुणून प्रथिनांचा आकडा काढतात; ते नत्र, ज्यांपासून प्रथिने बनतात त्यांपैकी कोणत्या अमिनो आम्लांचे आहे, याचा उलगडा त्या आकड्यातून होत नाही. माशाला आहारातूनच मिळावी लागतात अशी अमिनो आम्ले दहा आहेत, आणि त्यांपैकी एक जरी अपुरे पडले तरी उरलेल्या नवांचा मुबलक साठा वाढीच्या कामी येत नाही. छापखान्यात एका अक्षराचे खिळे संपले म्हणजे बाकीचे खण भरलेले असूनही पान जुळत नाही, तशीच ही अवस्था. न जुळलेली आम्ले शरीरात विघटित होतात आणि त्यांचे नत्र अमोनियाच्या रूपाने कल्ल्यांवाटे पाण्यात उतरते. म्हणजे खाद्याचा खर्च वाया जातो तो जातोच, वर पाणीही बिघडते.

या दहांपैकी लायसीन हे आम्ल सायप्रिनसला प्रथिनांच्या सुमारे ५.७ टक्के लागते. शेंगदाणा पेंडीच्या प्रथिनांत ते जेमतेम साडेतीन टक्क्यांच्या आसपास असते. सोयाबीनमध्ये लायसीन पुरेसे आहे, परंतु त्याच दहांतील मेथिओनीन मासळीच्या भुकटीतील प्रमाणाच्या निम्मेच. सरकीच्या पेंडीतील गॉसिपॉल हे विषारी द्रव्य तर असलेले लायसीनही जखडून ठेवते. अशी उणीव केवळ वाढ खुंटवून थांबत नाही: ट्राउट माशांत मेथिओनीनच्या अभावाने मोतीबिंदू होतो व ट्रिप्टोफॅनच्या अभावाने पाठीचा कणा वाकतो; १९९० च्या दशकात युरोपात सामन माशांच्या खाद्यातून रक्ताची भुकटी वगळली गेल्यावर हिस्टिडीन घटले आणि मोतीबिंदूचे प्रमाण वाढले.

मातीच्या जुन्या तळ्यात हा दोष बराचसा झाकला जातो, कारण तेथे तळाचे किडे व पाण्यातील सूक्ष्म प्राणी माशांना उत्तम प्रथिने आयती पुरवितात. प्लास्टिकचे अस्तर घातलेल्या शेततळ्यात, अथवा धरणातील पिंजऱ्यात, हा आधार फारच तोकडा असतो आणि सारा भार पोत्यातल्या खाद्यावर येतो. म्हणून शेजाऱ्याच्या मातीच्या तळ्यात चाललेले खाद्य आपल्याकडेही चालेल, हे गृहीत धरू नये.

यावरून वनस्पतिज खाद्य त्याज्य ठरते असे मात्र मी म्हणणार नाही. नॉर्वेतील सामनच्या खाद्यात १९९० साली सुमारे ९० टक्के असलेले सागरी जिन्नस २०१३ पर्यंत सुमारे ३० टक्क्यांवर आले, आणि तेथील मत्स्यशेती बुडाली नाही. हिशेब प्रथिनांचा न ठेवता अमिनो आम्लांचा ठेवला, हेच त्याचे मुख्य कारण. आपल्याकडेही सोयाबीनच्या जोडीला मेथिओनीनने समृद्ध अशी तिळाची वा सूर्यफुलाची पेंड घालता येते. सोयाबीन मात्र बेताचे भाजलेले असावे. कच्चे राहिल्यास पचन अडते, करपल्यास लायसीन निकामी होते. वरून शुद्ध अमिनो आम्ले मिसळायची झाल्यास ती आवरण दिलेली घ्यावीत आणि खाद्य दिवसातून अनेक वेळा थोडेथोडे द्यावे, कारण मोकळी आम्ले पाण्यात विरघळून जातात आणि सायप्रिनससारख्या जठर नसलेल्या माशात ती प्रथिनांतील आम्लांच्या आधीच रक्तात शिरून वाया जातात.

खरेदीच्या वेळी विक्रेत्याकडे लायसीन व मेथिओनीन यांचे लेखी आकडे मागा, आणि ते देण्यास त्याने टाळाटाळ केली तर पोती गाडीतून उतरवून घेऊ नका.