अत्याचार करणारा घरातलाच असेल तेव्हा



शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकातील तेरावा अध्याय रविवारच्या वाचनांत येत नाही, म्हणून तो आपल्याला फारसा माहीत नसतो. दावीद राजाची मुलगी तामार हिच्यावर तिच्याच सावत्र भावाने, अम्नोनने, अत्याचार केला. तो आजारी असल्याचे सोंग खरे मानून तिला त्याच्याकडे पाठवले होते खुद्द वडिलांनी. दुसरा भाऊ अबशालोम तिला म्हणाला, गप्प राहा, तो तुझा भाऊ आहे. दावीद रागावला, पण त्याने काहीच केले नाही. पुढे अबशालोमने अम्नोनचा खून करवला. या साऱ्यात तामारला काय हवे आहे हे कोणीच विचारले नाही. घराबाहेर दाद मागायला तिला जागाच नव्हती.

बाहेरच्या माणसाने कुकर्म केले तर सारे गाव धावून जाते. काका, मामा, सावत्र बाप किंवा सख्खा भाऊ असला, की घरातच बैठक बसते आणि अब्रूची व पोरीच्या लग्नाची चर्चा होते. मुलगा बळी असेल तर तीही होत नाही. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू असलेला पॉक्सो कायदा अशी बैठक मानत नाही. त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. कलम १९ प्रमाणे ज्याला गुन्हा समजला त्याने तो पोलिसांना कळवलाच पाहिजे, मग ती आई असो, आजी असो वा शेजारी. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. बालकाला मात्र ही शिक्षा नाही. चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे.

आपल्या विदर्भातलेच उदाहरण घ्या. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे वसतिगृहातील मुलींवर अत्याचार झाले. माहीत असून न कळवल्याचा आरोप एका डॉक्टरवर होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांच्यावरील गुन्हा रद्द केला, पण २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. जाणूनबुजून न कळवणे हा गंभीर गुन्हा आहे, असे न्यायालयाने म्हटले. हे घराबाहेरचे प्रकरण होते, पण नियम घरालाही तोच.

आई गप्प बसते त्याचे कारण बहुधा पोट असते. कमावता माणूस तुरुंगात गेला तर खायचे काय? ही भीती खोटी नाही. म्हणूनच २०२० च्या नियमांत अन्न, कपडे, प्रवास अशा तातडीच्या गरजांसाठी बालकल्याण समिती रकमेची शिफारस करू शकते, आणि ती आठवड्याच्या आत द्यायची असते. हे मागावे लागते, लाजू नये.

आरोपी त्याच घरात राहत असेल तर पोलिसांनी २४ तासांत बालकाला समितीपुढे न्यायचे असते. मूल घरी राहावे की नाही हे समिती तीन दिवसांत ठरवते. त्या वेळी मुलाची इच्छा, आईची सांभाळण्याची ताकद व आधी झालेली मारहाण पाहिली जाते. मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. चूक दुसऱ्याची आणि घर सोडायचे मुलाने, असे त्याला वाटू देऊ नये. खटला संपेपर्यंत सोबत राहणारी सहायक व्यक्तीही समिती देऊ शकते.

जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला आवडेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यावा. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरच करते. या दोन्ही वेळी जवळ आईवडीलच हवेत असे नाही. मुलाचा ज्याच्यावर विश्वास आहे असा माणूस चालतो. म्हणून आपण आधीच खोदून खोदून प्रश्न विचारू नयेत. मूल जे बोलले ते त्याच्याच शब्दांत लक्षात ठेवावे. नावाची वाच्यता करू नये, प्रार्थनेच्या निमित्तानेसुद्धा नाही.

रिठदहून तक्रारीला गेलेल्या माणसाला हद्दीचे कारण सांगून परत पाठवता येत नाही; गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो. नोंदवला नाही तर जिल्हा पोलीस अधीक्षकांना लेखी कळवावे, तरीही नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या संहितेनुसार लैंगिक हल्ल्याचा तपास दोन महिन्यांत पूर्ण व्हायला हवा. न्यायालयात साक्ष देताना आरोपी मुलाच्या नजरेस पडणार नाही, याची व्यवस्था न्यायाधीशांनी करायची असते.

ठाण्यात जायचा धीर होत नसेल तर १०९८ हा क्रमांक मोफत आहे, रात्रीही लागतो, आणि मूल स्वतःही तो फिरवू शकते.