शेळीच्या वेताची पूर्वचिन्हे

ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले आहेत. भाताचे एक पीक हाती आल्यानंतर येथील अनेक ठाकूर, कातकरी, महादेव कोळी व कुणबी कुटुंबांना अडीअडचणीला आधार असतो तो दारच्या शेळीचा. औषधपाणी, बी-बियाणे, मुलांची पुस्तके यांचा खर्च एखादा बोकड विकून भागविला जातो. अशा घरी करडू दगावणे म्हणजे गाठीचा पैसाच बुडणे होय. दिवस भरलेली शेळी चरावयास सोडली आणि ती रानात व्याली, तर ओले करडू गारठते किंवा कुत्र्या-कोल्ह्यांच्या तोंडी पडते. वेत जवळ आल्याची चिन्हे ओळखता आल्यास ही हानी टाळता येते.

दिवसांचा हिशेब

शेळी सरासरी १५० दिवस गाभण राहते. १४५ ते १५५ दिवसांत ती केव्हाही विते. १ जुलैस फळलेली शेळी २८ नोव्हेंबरच्या सुमारास विईल. १५ फेब्रुवारीस फळलेली शेळी मात्र १५ जुलैच्या सुमारास, म्हणजे ऐन मुसळधार पावसात विईल. तिच्यासाठी कोरडा निवारा आधीच केला पाहिजे. म्हणून शेळी फळल्याची तारीख घरातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांची नोंद ग्राम कार्यकर्त्याने किंवा पशुसखीने ठेवावी.

चिन्हे कशी ओळखावीत?

कळपात बोकड मोकळा असल्यास तारीख समजत नाही. तेव्हा पुढील चिन्हांवर भिस्त ठेवावी.

१. कास : बहुधा अखेरच्या काही आठवड्यांत कास भरू लागते आणि विण्याच्या सुमारास ती तट्ट होऊन सड चकाकतात. परंतु या एकाच चिन्हावर विसंबू नये. पहिलारू शेळीची कास पुष्कळ आधी भरते, तर काही शेळ्यांची व्याल्यानंतरच भरते.

२. शेपटीजवळील बंध : हे सर्वांत भरवशाचे चिन्ह होय. शेपटीच्या बुडाच्या दोन्ही बाजूंस बोटांनी चाचपले असता दोरीसारखे दोन ताठ बंध हाताला लागतात. दिवस भरत आले म्हणजे ते मऊ पडतात. ते मुळीच हाताला लागेनासे झाले व तेथे खळगे दिसू लागले, म्हणजे बहुधा २४ तासांच्या आत शेळी विते. प्रथम गाभण नसलेल्या शेळीचे बंध चाचपून पाहावेत. मग फरक आपोआप कळतो.

३. निरण व स्राव : निरण सुजते व सैल पडते. त्यातून दोरीसारखा चिकट स्राव लोंबू लागला, म्हणजे वेळ अगदी जवळ आली असे समजावे.

४. वागणूक : शेळी कळपापासून दूर राहते, पायाने जमीन उकरते, वारंवार उठते-बसते, पोटाकडे वळून पाहते, हलक्या स्वरात ओरडते आणि चारा सोडते. अशा शेळीस त्या दिवशी रानात मुळीच सोडू नये.

विताना घ्यावयाची काळजी

वाऱ्या-पावसापासून आडोसा असलेल्या जागी कोरडा पेंढा अंथरावा व शेळीस एकटे ठेवावे. प्रथम पाणमोट दिसते. नंतर पुढचे दोन पाय व त्यांवर टेकलेले तोंड येते. खुरांचे तळवे खाली वळलेले असले म्हणजे ते बहुधा पुढचे पाय होत. शेळी अर्धा तास जोराने कळा देऊनही काही पुढे सरकले नाही, किंवा एकच पाय, नुसते डोके अथवा नुसती शेपटी दिसली, तर ओढाताण न करता ताबडतोब पशुवैद्यकास बोलवावे. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी दूरध्वनी क्रमांक १९६२ आहे.

करडू बाहेर येताच नाकातोंडातील चिकटा पुसावा, अंग कोरडे करावे व नाळेस टिंक्चर आयोडीन लावावे. पहिल्या तासाभरात चीक पाजावा. दोन किलो वजनाच्या करडास पहिल्या २४ तासांत सुमारे २०० मिलिलिटर चीक मिळाला पाहिजे. चीक वाईट समजून तो काढून टाकणे ही मोठी चूक होय. रोगांशी झगडण्याची शक्ती करडास त्यातूनच मिळते.

वार बहुधा काही तासांत पडते. ती ओढू नये; १२ तासांत न पडल्यास पशुवैद्यकास दाखवावे. पडलेली वार उघड्या हातांनी उचलू नये. हातमोजे घालून ती खोल खड्ड्यात चुन्यासह पुरावी. शेळी अकाली गाभडल्यास ही दक्षता विशेष घ्यावी, कारण गाभडविणारे काही रोग माणसासही जडतात.

ग्राम कार्यकर्त्यांनी वाडीवर केवळ भाषण न देता एका गाभण व एका भाकड शेळीचे बंध प्रत्येकास स्वतः चाचपावयास लावावेत. घरातील स्त्रिया व शेळ्या राखणारी मुले यांना तर हे आवर्जून दाखवावे; कारण शेळीजवळ दिवसभर असतात ती तीच.