पाळलेल्या जनावराची पाठवणी

(इयत्ता चौथी व पाचवी. विषय : परिसर अभ्यास. तासिका : दोन)

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूर जिल्ह्यात गावोगावी तान्हा पोळा भरतो. मुले लाकडी बैल सजवून घरोघरी मिरवितात व बोजारा मिळवितात. लाकडी बैलास चारा लागत नाही, तो म्हातारा होत नाही, आणि घर बदलण्याची वेळ आली तर फळीवर ठेवून देता येतो. जिवंत जनावराचे तसे नसते. हा भेद मुलांच्या ध्यानी आणून देण्यास तान्ह्या पोळ्यानंतरचा आठवडा फार सोयीचा आहे.

पाठाचा हेतू. जनावर कसे पाळावे हे मुलांना सांगितले जाते. ते ठेवणे अशक्य झाल्यास काय करावे, हे सांगायचे राहून जाते. ही वेळ मात्र पुष्कळ घरांवर येते. कोणी वीटभट्टीच्या कामासाठी गाव सोडतो. कोणाला शहरात भाड्याची एक खोली मिळते व घरमालक कुत्रे ठेवू देत नाही. कोणाच्या घरी दुखणे येते. गोसीखुर्द धरणाच्या जलाशयामुळे कुही व भिवापूर या तालुक्यांतील गावांना तर आपली जागाच सोडावी लागली. जनावर ठेवणे न जमणे हा दोष नव्हे. त्यास गावाबाहेर सोडून पाठ फिरविणे हा दोष आहे. वर्गात असे एखादे मूल असू शकते की ज्याच्या घरी हे घडून गेले आहे. म्हणून ‘तुमच्यापैकी कोणी कुत्रे सोडून दिले?’ असा प्रश्न शिक्षकांनी कदापि विचारू नये.

प्रस्तावना. पुढील प्रश्नांनी मुलांना विचारास लावावे : घरच्या मांजरीस भूक लागली की ती कोणाकडे येते? तिला परक्या गावी सोडले तर ती कोणाकडे जाईल? पाणी कोठे आहे, हे तिला कोण दाखवील?

विषयविवेचन. सोडलेले जनावर ‘आपले आपण जगते’ हा समज प्रथम दूर करावा. हातच्या घासावर वाढलेल्या कुत्र्यास परक्या गल्लीतील कुत्री टिकू देत नाहीत. पेंच किंवा उमरेड-कऱ्हांडला येथील जंगलाच्या कडेला सोडले तर ते बिबट्याचे भक्ष्य होते, अथवा स्वतः हरणांमागे धावते. कुत्र्यांमध्ये आढळणारा डिस्टेंपर हा रोग वन्य प्राण्यांनाही जडतो. 2018 साली गीरच्या जंगलात जे सिंह दगावले, त्यांच्यात या रोगाचे विषाणू आढळले होते. लस न दिलेल्या भटक्या कुत्र्यापासून माणसांस रेबीजचे भय असते, ते निराळेच.

कायद्याचाही उल्लेख करावा. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या 11 व्या कलमान्वये, उपासमारीने वा तहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावर विनाकारण सोडून देणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यास दंड 10 ते 50 रुपयांचा आहे. दंड अल्प आहे म्हणून अपराध अल्प ठरत नाही, हे मुलांकडूनच वदवून घ्यावे.

यानंतर पाठवणीच्या पायऱ्या क्रमाने फळ्यावर लिहाव्यात.

1. अडचण खरोखरच न सुटणारी आहे काय, हे पाहावे. अडचण काही महिन्यांपुरती असेल तर शेजारी वा आप्त सांभाळू शकतात. खोड असेल तर पशुवैद्यांस विचारावे.

2. ओळखीचे घर शोधावे व ते स्वतः जाऊन पाहावे. सावली, पाणी, बांधण्याची जागा, आणि दिवसा घरी कोण असते, हे पाहावे. बाजारात अनोळखी माणसाच्या हाती दोरी देऊ नये.

3. देण्यापूर्वी रेबीजची लस टोचून घ्यावी व तिचा कागद सोबत द्यावा. जमल्यास नसबंदीही करून घ्यावी.

4. खरे सांगावे. चावण्याची खोड लपविली, तर त्या घरच्या लेकराच्या जिवाशी खेळ होतो.

5. ओळखीचे फडके व खाण्याचे भांडे सोबत द्यावे. नव्या घरी कुत्रे काही दिवस मोकळे सोडू नये. मांजर दोनतीन आठवडे घरातच ठेवावे, एरवी ते जुने घर शोधीत निघते.

6. आठ दिवसांनी व महिन्याने विचारपूस करावी. तेथे न जमल्यास परत घेऊन दुसरे घर पाहण्याची तयारी ठेवावी.

गाय-बैल देताना कानातील 12 अंकी बिल्ल्याची नोंद पशुवैद्यकीय दवाखान्यात नव्या मालकाच्या नावे करून घ्यावी. घर न मिळाल्यास गोरक्षण संस्थेकडे जागा आहे काय, हे आधी विचारावे. नागपुरात धंतोली भागातील गोरक्षण सभा ही अशी संस्था आहे. रानातून धरलेला पोपट पाळणे हेच मुळी 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याविरुद्ध आहे. म्हणून तो कोणास देऊ नये, आणि पिंजऱ्यात वाढलेला असल्यामुळे उडवूनही देऊ नये. वनविभागाच्या स्वाधीन करावा. नागपूरच्या सेमिनरी हिल्स येथे वनविभागाचे ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे.

कृती. प्रत्येक गटाने एका जनावराचे ओळखपत्र लिहावे. नमुना : ‘नाव – मोती. वय – 4 वर्षे. खाणे – भाकरी व वरण. भीती – फटाके. आवड – मुलांबरोबर शेतात जाणे. खोड – जेवताना ताटाला हात लावल्यास गुरगुरतो.’ मग दुसऱ्या गटाने घेणाऱ्याच्या भूमिकेतून प्रश्न विचारावेत. जो गट खोड लपवील, त्याची चूक इतरांनी दाखवून द्यावी.

मुलाच्या मनाविषयी. जनावर दिल्यावर ‘ते पळून गेले’ असे घरी मुलास सांगतात. मूल मग दिवसेंदिवस वाट पाहते, आणि कधीतरी खरे कळले की मोठ्यांच्या शब्दावरचा त्याचा विश्वास उडतो. कारण त्यास समजेल अशा शब्दांत सांगावे, नवे घर दाखवावे आणि निरोप घेऊ द्यावा. ते रडल्यास रडू द्यावे. पालकसभेत शिक्षकांनी हा विषय अवश्य काढावा.

शेवटी एक गोष्ट. शिक्षकांच्याही बदल्या होतात. शाळेच्या ओसरीवर ज्या कुत्र्यास गुरुजींनी रोज भाकरी घातली, ते गुरुजी गेल्यावर कोणाकडे पाहील, याची तजवीज गाव सोडण्यापूर्वीच झाली पाहिजे. फळ्यावरच्या सहा पायऱ्या मुले कदाचित विसरतील. गुरुजींनी जाताना त्या मुक्या जिवाचे काय केले, हे मात्र ती विसरणार नाहीत.