वेताची खुर्ची टाकण्याआधी उलटी करून बघा



पूर ओसरला की आपल्या शिरोळ तालुक्यात रस्त्याकडेला काय काय पडलेलं असतं, ते मी तुम्हाला सांगायला नको. २००५, २०१९, २०२१, तीनही पूर तुम्ही सोसलेत. गाद्या, वह्या-पुस्तकं, भिजलेलं धान्य, आणि त्यातच एखादी वेताची खुर्ची. गादी वाचत नाही हे खरं. पण वेताची खुर्ची बहुतेक वेळा वाचते, आणि तरीही आपण ती देऊन टाकतो किंवा चुलीत घालतो.

वेत आणि बांबू वेगळे. बांबू आतून पोकळ असतो, वेत भरीव असतो. वेत हा खरं तर माडाच्या कुळातला काटेरी वेल. ओला झाला की तो लवचीक होतो आणि वाळला की आहे त्या आकारात घट्ट बसतो. विणणारे लोक याचाच उपयोग करून घेतात. म्हणून एकदा भिजल्यानं वेत लगेच खराब होत नाही. तो आठवडाभर ओलाच राहिला तर मात्र बुरशी धरते, सांध्यांचा डिंक सुटतो.

पुरात भिजलेली खुर्ची असेल तर गाळ वाळायच्या आत स्वच्छ पाण्यानं धुवा. जुना दात घासायचा ब्रश घेऊन जाळीच्या भोकाभोकातला गाळ काढा. गाळ वाळला असेल तर तोंडाला कापड बांधूनच हात लावा. मग सावलीत, वारं लागेल अशा ठिकाणी ठेवा. लवकर वाळावी म्हणून भर उन्हात ठेवली तर वेत तडकतो.

आता खुर्ची उलटी करा. खालच्या बाजूला बोट ओलं करून लावा. पाणी मुरलं, रंग गडद झाला, तर वेत खरा. थेंब तसाच राहिला तर ती प्लॅस्टिकची पट्टी. हे आधी बघा, कारण पुढचा उपाय प्लॅस्टिकला लागू नाही.

जाळी तुटलेली नाही, फक्त खाली झोळ आलाय? मग विणायची गरजच नाही. सोसेल इतक्या गरम पाण्यात फडकं भिजवून, पिळून, जाळीला खालच्या बाजूनं नीट ओलं करा. वरच्या बाजूला चकाकी असते, तिथून पाणी मुरत नाही. रात्रभर तशीच वाळू द्या, कुणाला बसू देऊ नका. सकाळी जाळी आवळलेली दिसेल. फार जुना, कडक झालेला वेत असेल तर फरक कमी पडतो, पण खर्च काही नाही, करून बघायला काय जातंय?

पट्ट्या तुटल्या असतील तर मात्र ठिगळ लावत बसू नका. एखाद-दुसरी तुटली तर ओली पट्टी ओवून चालतं. चार-पाच तुटल्या म्हणजे बाकीच्याही थकल्यात, वजन पडलं की शेजारची तुटणार. सगळी जाळी कापून नव्यानं विणलेलीच बरी. त्याआधी चौकट हलवून बघा. सांधा सैल असेल तर आधी फेव्हिकॉल लावून दोरीनं आवळा, एक दिवस ठेवा.

चौकटीला भोकं असलेल्या खुर्चीची जाळी सहा फेऱ्यांत होते. पट्ट्या कोमट पाण्यात वीसेक मिनिटं भिजवा, चकाकी वर ठेवा. पहिली फेरी मागून पुढे, दुसरी तिच्यावरून आडवी, तिसरी पुन्हा मागून पुढे त्याच भोकांतून. इथपर्यंत नुसतं अंथरायचं. चौथी आडवी फेरी खरी विणायची, तिसरीच्या वरून आणि पहिलीच्या खालून. पाचवी आणि सहावी तिरक्या, एकमेकींच्या उलट दिशेनं. पट्टी सुटू नये म्हणून भोकात काडीची पाचर मारायची. शेवटी कडेनं एक रुंद पट्टी. फार ओढून विणू नका, वाळल्यावर ती आपोआप आवळते. घरात सुंभाची बाज विणलेली आजी असेल तर तिला शेजारी बसवा, तिचा हात लगेच ओळखेल. गावातले बुरूड कारागीर आणि खुर्ची विणायला शिकलेले अंध बांधवसुद्धा यातले जाणकार. त्यांना शिकवायला बोलावलंत तर मानधन द्या. फुकटात शिकायची सवय आपल्याला नको.

आता पैशाचं. जयसिंगपूर, इचलकरंजी, कोल्हापूरला दवाखान्यांत, जुन्या वाड्यांत अशा खुर्च्या अजून आहेत. गटानं हे काम घ्यावं असं मला वाटतं, पण दर ठरवताना एक गोष्ट सारखी दिसते. भांगलणीला गेलो की आपण हजेरी मोजून घेतो. घरी बसून केलेल्या कामाला मात्र "पट्टीचे पैसे सुटले, बास झालं" म्हणतो. शिकाऊ हाताला एक जाळी विणायला दोन-तीन दिवस सहज लागतात. पहिल्या दोन खुर्च्यांचे तास वहीत लिहा. तास, पट्टी, वाहतूक आणि गटाचा थोडा हिस्सा, असं सगळं धरून दर सांगा. हात बसला की तास कमी होतील, तेव्हा बघू. गिऱ्हाईक म्हणालं, "नवी प्लॅस्टिकची खुर्ची याहून स्वस्तात येते," तर वाद घालू नका, ते खरंच आहे. ज्याला आपली जुनी खुर्ची हवीय तोच आपलं गिऱ्हाईक.

खुर्ची ताब्यात घेताना गिऱ्हाईकासमोरच मोबाईलवर चारही बाजूंनी फोटो काढा. खाली पिठासारखा भुसा पडत असेल तर आत कीड आहे. अशी खुर्ची बाकीच्यांपासून लांब ठेवा आणि आधी किडीचं औषध मारून घ्यायला सांगा, त्याशिवाय विणायला घेऊ नका. कुठे काय तुटलंय, काय करायचं ठरलं, किती पैसे आणि कधी देणार, हे गटाच्या वहीत लिहून त्यांची सही घ्या.